नेमबाजी जॅकेट

नेमबाजी जॅकेट हे रायफल नेमबाजीच्या स्पर्धांमध्ये खेळाडू अंगात घालतो ते जाड, पण लवचिक असे खास वस्त्र आहे. ते कॅनव्हास, चामडे, कृत्रिम कापड किंवा यांच्या मिश्रणातून शिवलेले असते. रायफलचा भार शरीरावर विभागणे, पाठीच्या कण्यावरील ताण कमी करणे, नाडीच्या ठोक्यांचा रायफलपर्यंत पोहोचणारा कंप मंद करणे आणि खांदा व कोपर यांना न घसरणारा टेकू देणे ही त्याची मुख्य कामे होत. १० मीटर एअर रायफल, ५० मीटर रायफल आणि ३०० मीटर रायफल या प्रकारांत ते वापरले जाते.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाच्या (आयएसएसएफ) नियमावलीत या जॅकेटची जाडी, ताठरपणा, लांबी, मोकळेपणा, अस्तर, खिसे आणि पॅड यांच्या मर्यादा मिलिमीटरमध्ये ठरवून दिल्या आहेत. जॅकेटने खेळाडूला आधार द्यावा, परंतु त्याचे शरीर जखडून ठेवू नये, हे या सर्व नियमांमागील तत्त्व आहे. नियमबाह्य जॅकेटमुळे खेळाडू स्पर्धेतून बाद ठरू शकतो. त्यामुळे पहिले जॅकेट घेताना ते अंगाला बसते की नाही याइतकेच ते तपासणीत टिकेल की नाही हेही पाहावे लागते.

उपयोग आणि कार्य

एअर रायफलचे वजन स्पर्धेच्या नियमांनुसार जास्तीत जास्त ५.५ किलोग्रॅम असू शकते. १० मीटर एअर रायफल प्रकारात खेळाडू उभ्या स्थितीतून ६० गोळ्या झाडतो. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांवर त्यासाठी ७५ मिनिटे मिळतात आणि त्याआधी तयारी व सरावाचा वेळ वेगळा असतो. लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास केवळ ०.५ मिमी असतो, तर छर्ऱ्याचा व्यास ४.५ मिमी असतो. एवढ्या सूक्ष्म लक्ष्यासमोर शरीराची किंचित हालचालही गुणांत दिसते.

उभ्या स्थितीत उजव्या हाताने नेम धरणाऱ्या खेळाडूच्या डाव्या हाताचे कोपर बरगड्यांवर किंवा कमरेच्या हाडावर टेकते. रायफलचे वजन शरीराच्या पुढच्या बाजूस असल्यामुळे तोल राखण्यासाठी धड मागे झुकते आणि किंचित वळते. या स्थितीत कण्याच्या खालच्या भागावर एकांगी भार येतो. जॅकेटचे जाड कापड हा भार पाठ, कंबर आणि बरगड्या यांवर पसरवते. वाढत्या वयातील खेळाडूंच्या बाबतीत हा उपयोग विशेष महत्त्वाचा मानला जातो.

पडून (प्रोन) आणि गुडघ्यावर बसून (नीलिंग) नेम धरताना पुढचा हात स्लिंगच्या पट्ट्याने रायफलला जोडलेला असतो. हा पट्टा दंडाभोवती आवळला जात असल्याने तेथील रक्तवाहिनीचे ठोके रायफलपर्यंत पोहोचू शकतात. बाहीवरील पॅड हा दाब सौम्य करतात आणि पट्टा खाली सरकू देत नाहीत. उभ्या स्थितीत स्लिंग वापरण्यास मनाई आहे.

स्थिरता मात्र जॅकेट निर्माण करत नाही. पायांतील अंतर, नितंबांची दिशा, डोक्याची ठेवण आणि श्वासावरील नियंत्रण यांतून ती घडते. चुकीच्या पवित्र्यावर चढवलेले जाड जॅकेट ती चूक झाकते, पण दुरुस्त करत नाही.

इतिहास

नेमबाजीचा समावेश १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून आहे आणि या खेळाच्या जागतिक संघटनेची स्थापना १९०७ मध्ये झाली. सुरुवातीच्या काळातील रायफल नेमबाज साधे कोट वापरत. पुढे कोपरांवर आणि खांद्यावर चामड्याचे तुकडे शिवण्याची पद्धत रूढ झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केवळ या खेळासाठी बेतलेली जॅकेट आणि पँट प्रचारात आली. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये एअर रायफल प्रकाराचा समावेश झाला आणि उभ्या स्थितीतील नेमबाजीला मोठी प्रतिष्ठा मिळाली.

कापड जितके ताठर तितका आधार अधिक, हे लक्षात आल्यावर जॅकेट अधिकाधिक कडक होत गेली. असे कपडे कायम राहिले असते, तर स्पर्धा खेळाडूंच्या कौशल्याऐवजी त्यांच्या कपड्यांची झाली असती. म्हणून जाडीच्या मर्यादेबरोबर ताठरपणाची यांत्रिक चाचणीही नियमांत आली. नियमावलीच्या नव्या आवृत्त्यांत या तरतुदींत वेळोवेळी बदल होत असतात. त्यामुळे कोणत्याही जॅकेटची पात्रता स्पर्धेच्या वेळी लागू असलेल्या आवृत्तीनुसारच ठरते.

रचना

नेमबाजी जॅकेट साधारणतः कमरेखाली येते, समोरून बटणांनी किंवा चेनने बंद होते आणि डाव्या-उजव्या बाजूंनी असमान असते. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्यासाठी बटप्लेट टेकण्याचा पॅड उजव्या खांद्यावर आणि स्लिंगचा लांब पॅड डाव्या बाहीवर असतो. डावखुऱ्या नेमबाजासाठी हीच रचना आरशातील प्रतिमेप्रमाणे उलट असते. एका बाजूचे जॅकेट दुसऱ्या बाजूसाठी वापरता येत नाही.

मुख्य कापडाचे प्रकार पुढीलप्रमाणे आहेत:

* कॅनव्हास: जाड विणीचे सुती किंवा मिश्र कापड. ते तुलनेने हलके आणि टिकाऊ असते. घाम व दमट हवा शोषल्यावर ते मऊ पडते आणि कोरड्या, थंड हवेत कडक होते.
* चामडे: शरीराच्या आकाराशी हळूहळू जुळवून घेते. वजन अधिक असते आणि उष्णतेने ते सैलावते.
* कृत्रिम कापड: ओलावा कमी शोषते, त्यामुळे त्याचे गुणधर्म हवामानानुसार कमी बदलतात. त्यात हवा खेळती राहत नसल्यास घाम अधिक येतो.
* मिश्र रचना: पाठ व बाजूंसाठी कॅनव्हास, आधाराच्या ठिकाणी चामडे किंवा कृत्रिम कापड आणि पॅडवर रबरी कण असलेले न घसरणारे कापड.

नियम

पुढील तरतुदी आयएसएसएफच्या रायफल नियमांतील आहेत.

जाडी

जॅकेटचा मुख्य भाग आणि बाह्या यांची अस्तरासह जाडी एकेरी कापडात २.५ मिमी आणि दुहेरी कापडात ५.० मिमी यापेक्षा जास्त असता कामा नये. ही जाडी ३० मिमी व्यासाच्या दोन सपाट चकत्यांमध्ये कापड धरून, ५ किलोग्रॅम दाबाखाली, ०.१ मिमीपर्यंत मोजली जाते. घरगुती कॅलिपरने दाब न देता घेतलेले माप यापेक्षा वेगळे येते. आत घालायच्या कपड्यांनाही २.५ मिमी आणि ५.० मिमी हीच मर्यादा आहे.

ताठरपणा

कापड ६० मिमी व्यासाच्या पोकळ नळकांड्यावर न ताणता सपाट पसरले जाते आणि त्यावर १,००० ग्रॅम वजनाचे मोजमाप उपकरण ठेवले जाते. कापड किमान ३.० मिमी खाली दबले पाहिजे. २.९ मिमी किंवा त्याहून कमी दबणारे कापड अतिताठर ठरते. जाडीची मर्यादा पाळणारे जॅकेटही या चाचणीत नापास होऊ शकते, कारण पातळ कापडही कडक असू शकते.

मोकळेपणा

जॅकेट अंगावर सैल लोंबले पाहिजे. नेहमीप्रमाणे बंद केल्यावर समोरचे दोन्ही पदर आणखी किमान ७० मिमी एकमेकांवर ओढता आले पाहिजेत. हे अंतर बटणाच्या मध्यापासून काजाच्या बाहेरील कडेपर्यंत मोजतात. मोजताना खेळाडूचे दोन्ही हात शरीराच्या बाजूला सोडलेले असतात आणि ६ ते ८ किलोग्रॅम ताण दिला जातो. बंद अवस्थेत पदरांचा एकमेकांवरील भाग १०० मिमीपेक्षा जास्त असू नये. बंद करण्याची साधने, म्हणजे बटणे किंवा चेन, कमीजास्त करता येणारी नसावीत. काजाभोवतीच्या जास्तीत जास्त १२ मिमीच्या भागाची जाडी २.५ मिमीपेक्षा अधिक चालते.

लांबी आणि बाह्या

खेळाडूने हात सरळ खाली सोडून मूठ वळली असता जॅकेटची खालची कड मुठीच्या तळाच्या खाली जाता कामा नये. जॅकेट पूर्ण बंद असताना दोन्ही हात सरळ ताणता आले पाहिजेत. पडून आणि गुडघ्यावर बसून नेम धरताना स्लिंगच्या हाताची बाही मनगटापलीकडे जाऊ नये. बाहीचे कापड हात किंवा हातमोजा आणि रायफलचा पुढचा दस्ता यांच्यामध्ये येऊ देण्यासही मनाई आहे.

पॅड आणि शिवण

पॅड फक्त बाहेरच्या पृष्ठभागावर लावता येतात. जॅकेटचे कापड आणि अस्तर धरून त्यांची जाडी एकेरी १० मिमी आणि दुहेरी २० मिमी यापर्यंत मर्यादित आहे. इतर मर्यादा अशा:

* कोपरावरील पॅड बाहीच्या घेराच्या निम्म्यापेक्षा अधिक भागावर नसावा.
* स्लिंगच्या हातावरील पॅड दंडापासून बाहीच्या टोकाआधी १०० मिमीपर्यंत असू शकतो.
* दुसऱ्या हातावरील पॅडची लांबी ३०० मिमीपर्यंत असू शकते.
* बटप्लेट टेकते त्या खांद्यावरील पॅडची सर्वाधिक लांबी ३०० मिमी असू शकते.
* स्लिंग घसरू नये म्हणून बाहेरच्या बाजूस एकच हूक, फासा किंवा बटण चालते.

उभ्या स्थितीत आधार देणाऱ्या हाताच्या कोपराखाली जॅकेटच्या बाजूची शिवण येऊ नये. त्यासाठी कोपराच्या टोकाच्या वरखालचा ठरावीक पट्टा शिवणमुक्त ठेवावा लागतो. तेथे शिवणीची जाड रेघ असेल, तर कोपराला तयार खाच मिळते. पाठीचा भाग एकापेक्षा अधिक तुकड्यांचा असू शकतो, पण त्या जोडणीमुळे पाठ ताठर होता कामा नये.

अस्तर, खिसे आणि मनाई

अस्तर बाहेरच्या कापडाला फक्त शिवणकामाच्या नेहमीच्या जागी जोडलेले असावे. गोधडीसारखी टाके घालून, आडवीउभी शिलाई मारून किंवा चिकटवून केलेली जोडणी चालत नाही, कारण दोन मऊ थर असे एकजीव केले की एक ताठर थर तयार होतो. आतील बाजूस खिसे नसावेत. बाहेर एकच खिसा चालतो. तो उजव्या हाताच्या नेमबाजासाठी समोर उजवीकडे असतो आणि त्याचा आकार जॅकेटच्या खालच्या कडेपासून २५० मिमी उंच व २०० मिमी रुंद यापेक्षा मोठा नसावा. कृत्रिम आधार ठरू शकतील असे पट्टे, नाड्या आणि बंध निषिद्ध आहेत. खांद्याच्या पॅडजवळील सैल कापड गोळा करण्यासाठी मात्र एक चेन किंवा जास्तीत जास्त दोन पट्टे ठेवता येतात. जॅकेटच्या आत किंवा बाहेर वेल्क्रो, चिकट पदार्थ, द्रव किंवा फवारा लावण्यास मनाई आहे.

साहित्य तपासणी

मोठ्या स्पर्धांमध्ये साहित्य तपासणी कक्षात जॅकेट, पँट, शूज, हातमोजा आणि रायफल यांची पाहणी होते. आयएसएसएफच्या अजिंक्यपद स्पर्धांत एका खेळाडूला सर्व रायफल प्रकारांसाठी मिळून एकच जॅकेट, एकच पँट आणि शूजचा एकच जोड मंजूर करून घेता येतो. म्हणजे १० मीटरसाठी एक आणि ५० मीटरसाठी दुसरे अशी सोय नाही. मंजूर जॅकेटवर क्रमांक असलेले सील लावले जाते.

सील मिळाले म्हणजे जॅकेट कायमचे पात्र ठरले असे नसते. स्पर्धा संपल्यावर निवडक खेळाडूंची पुन्हा तपासणी होते आणि त्या वेळी जॅकेट मर्यादेबाहेर गेल्याचे आढळल्यास खेळाडू बाद ठरतो. कापडाचे गुणधर्म तापमान आणि ओलाव्याबरोबर बदलतात. दमट हॉलमध्ये ३.१ मिमी दबणारे कापड वातानुकूलित, कोरड्या हॉलमध्ये ३.० मिमीच्या आत राहू शकते. साहित्य सर्व वेळी नियमात ठेवण्याची जबाबदारी खेळाडूची असते. उत्पादकाचे लेबल, दुकानदाराचे आश्वासन किंवा आधीच्या स्पर्धेतील मंजुरी यांमुळे ती कमी होत नाही.

पहिल्या जॅकेटची निवड

खरेदीची वेळ

नवोदित खेळाडू प्रारंभी साध्या कपड्यांत किंवा क्लबच्या सामाईक जॅकेटमध्ये सराव करतो. या काळात उभे राहण्याची पद्धत, दस्त्याची लांबी आणि डोक्याची ठेवण निश्चित होते. त्याआधी मापाने शिवून घेतलेले जॅकेट पवित्रा बदलताच न बसणारे ठरते. नेम कोणत्या खांद्यावरून धरायचा हेही आधी ठरलेले असावे लागते. लिहिण्याचा हात उजवा असूनही ज्याचा डावा डोळा प्रबळ आहे, अशा खेळाडूबाबत हा निर्णय प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली घेतला जातो, कारण चुकीच्या बाजूचे जॅकेट बदलून घेण्याखेरीज उपाय नसतो.

माप

माप घेताना स्पर्धेत आत घालायचा टी-शर्ट किंवा स्वेटर अंगात असावा लागतो. छाती, कंबर, नितंब, पाठीची लांबी, खांद्यांची रुंदी आणि बाहीची लांबी ही मापे घेतात. महिलांसाठी छाती व कमरेचा वेगळा बेत उपलब्ध असतो. सरळ उभे राहून बसणारे जॅकेट नेम धरल्यावर बसेलच असे नाही. नेम धरलेल्या स्थितीत पाठीचा खालचा भाग कापडाला लागून आहे का, कोपराखाली घडी पडते का आणि कॉलर गालाला किंवा दस्त्याला अडते का हे पाहिले जाते. कोपराखाली पडणारी घडी दर नेमाला जागा बदलते, त्यामुळे छर्ऱ्यांचा समूह वर-खाली पसरतो.

तीन स्थितींच्या प्रकारात खेळाडू एकाच जॅकेटमध्ये गुडघ्यावर बसून, पडून आणि उभ्याने नेम धरतो. उभ्या स्थितीसाठी पोटाजवळ नेमके बसणारे जॅकेट गुडघ्यावर बसल्यावर वर चढते आणि खांद्यावर गोळा होते. त्यामुळे या प्रकारासाठीचे जॅकेट तिन्ही स्थितींत घालून पाहिले जाते.

वाढते वय

बारा ते सतरा वर्षांच्या खेळाडूची उंची आणि खांदे झपाट्याने वाढतात. पालकांना जॅकेट दोन-तीन वर्षे पुरावे असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि फार मोठ्या मापाचे जॅकेट मुठीच्या खाली जाऊन नियमबाह्य ठरू शकते आणि त्याच्या बाह्या मनगटापलीकडे जातात. अगदी नेमके बसणारे जॅकेट पुढच्या हंगामात ७० मिमीच्या मोकळेपणाच्या चाचणीत अडते. म्हणून छाती व पाठीत थोडी जागा आणि बाही व लांबी सध्याच्या मापाची, असा मध्यम मार्ग स्वीकारला जातो. समोरची बटणे सरकवून घेर काही प्रमाणात वाढवता येतो. पदरांचा एकमेकांवरील भाग पुरेसा असेल तरच ही सोय उरते, म्हणून खरेदीच्या वेळी तो मोजला जातो.

ताठरपणाची निवड

पहिल्या जॅकेटबाबत सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे ताठर जॅकेट अधिक चांगले. मर्यादेच्या अगदी काठावरचे जॅकेट कोरड्या हवेत मर्यादा ओलांडण्याचा धोका असतो. शिवाय त्यावर विसंबलेल्या नवोदिताच्या पाठीचे व पोटाचे स्नायू आवश्यक तितके विकसित होत नाहीत आणि वापराने जॅकेट मऊ झाले की त्याचा नेमही बिघडतो. मध्यम ताठरपणाचे, चाचणीत पुरेसा वाव राखणारे जॅकेट पहिल्या काही वर्षांसाठी उपयुक्त मानले जाते. याच्या उलट, नियमबाह्य जॅकेट वापरून मऊ होईल या आशेने घेणेही धोक्याचे असते. पॅड, शिवण आणि लांबी यांतील दोष वापराने जात नाहीत.

वापरलेले जॅकेट

आयात केलेल्या किंवा मापाने शिवलेल्या नव्या जॅकेटचा खर्च अनेक कुटुंबांना जड जातो, त्यामुळे ज्येष्ठ खेळाडूने वापरलेले जॅकेट घेण्याची पद्धत प्रचलित आहे. त्यात दोन अडचणी असतात. जुने जॅकेट ते शिवले त्या वेळच्या नियमांनुसार असू शकते. तसेच कापड आधीच्या खेळाडूच्या पवित्र्यानुसार मुरडलेले असते. त्यावरील जुने सील नव्या खेळाडूच्या उपयोगाचे नसते, जॅकेट पुन्हा तपासून घ्यावे लागते. पॅड झिजलेले, पण पाठ सुस्थितीत असलेले जॅकेट दुरुस्त करता येते. मोडलेली पाठ असलेल्या जॅकेटला आधार परत आणता येत नाही.

खरेदीपूर्वीची पडताळणी

तपासणी कक्षातील उपकरणे दुकानात सहसा नसतात. तरी मोजपट्टीच्या साहाय्याने पुढील बाबी पाहता येतात:

* सर्व बटणे लावून हात खाली सोडून मूठ वळल्यावर खालची कड कोठे येते.
* पदर ओढल्यावर ७० मिमीपेक्षा अधिक अंतर मिळते का. प्रौढ व्यक्तीच्या चार बोटांच्या रुंदीवरून याचा केवळ अंदाज येतो.
* दोन्ही हात पूर्ण सरळ होतात का.
* आधाराच्या कोपराखाली शिवण येते का.
* खांदा व बाहीवरील पॅडची लांबी आणि बाहीच्या टोकापासूनचे अंतर.
* आतील खिसे, अस्तराची आडवीउभी शिलाई किंवा चिकटवलेले थर आहेत का.
* बाहेर एकच खिसा आहे का आणि तो योग्य बाजूस आहे का.

जाडी आणि ताठरपणा यांची खात्री मात्र प्रमाणित उपकरणावरच होते. ज्या रेंजवर किंवा राज्य संघटनेकडे अशी उपकरणे आहेत तेथे जॅकेट मोजून घेणे आणि नापास झाल्यास ते परत करण्याची अट खरेदीच्या वेळीच ठरवणे हा सुरक्षित मार्ग समजला जातो.

फेरफार आणि निगा

जॅकेटमध्ये केलेला प्रत्येक बदल पुन्हा तपासणीस पात्र असतो. स्थानिक शिंप्याकडून किंवा चर्मकाराकडून बटणे सरकवणे, बाही आखूड करणे किंवा पॅड बदलणे ही सामान्य कामे आहेत. पॅड बदलताना जुन्यावर नवा शिवल्यास जाडी वाढते. कुर्त्याला देतात तशी खळ देणे किंवा कापड कडक करणारे द्रव्य फवारणे नियमबाह्य आहे.

जॅकेट रुंद खांद्यांच्या हँगरवर टांगून ठेवतात. घडी घातल्यास पाठीवर कायमची मोड येते. सरावानंतर ते लगेच पिशवीत न भरता सावलीत, वाऱ्यावर वाळवतात. उन्हात वाळवल्याने चामडे तडकते आणि रबरी पॅड कडक होतात. यंत्रात धुतल्यास कॅनव्हास आटतो व सैलावतो, म्हणून डाग ओल्या फडक्याने पुसून काढतात. कोकण, मुंबई आणि गोवा यांसारख्या किनारी भागांत पावसाळ्यात चामड्यावर आणि कॅनव्हासवर बुरशी येते. बंद कपाटात ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवणे आणि जॅकेट अधूनमधून बाहेर काढणे हा त्यावरील उपाय आहे. दूरच्या स्पर्धेसाठी प्रवास केल्यावर जॅकेट तेथील हवेला जुळू देण्यासाठी तपासणीच्या आधी काही काळ उघडे टांगून ठेवले जाते.

इतर नेमबाजी प्रकारांतील स्थिती

पिस्तूल नेमबाजीत असे जॅकेट चालत नाही. शरीर, हात किंवा पाय यांची हालचाल रोखणारे किंवा त्यांना आधार देणारे कोणतेही वस्त्र त्या प्रकारात निषिद्ध आहे. शॉटगन प्रकारांत खेळाडू काडतुसांसाठी मोठे खिसे आणि खांद्यावर पॅड असलेले हलके जाकीट घालतात. त्याचा उद्देश वेगळा असतो आणि त्याला रायफल जॅकेटची जागा घेता येत नाही. पॅरा नेमबाजीचे नियम जागतिक पॅरा नेमबाजी संघटना ठरवते आणि बसून नेम धरणाऱ्या खेळाडूंच्या जॅकेटसाठी त्यात स्वतंत्र तरतुदी आहेत.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात या खेळाचे नियमन १९५१ मध्ये स्थापन झालेली भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना करते. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत आयएसएसएफच्या नियमांनुसार होणारे आणि संघटनेच्या राष्ट्रीय नियमांनुसार होणारे असे दोन्ही गट असतात. नवोदित खेळाडूच्या पहिल्या स्पर्धा बहुधा जिल्हा किंवा राज्य पातळीवरील असल्याने आपल्या गटात कोणती वस्त्रे चालतात हे स्पर्धेच्या परिपत्रकातून पाहिले जाते.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्रा यांनी १० मीटर एअर रायफल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. ते भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण होय. त्यानंतर रायफल नेमबाजीकडे वळणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढली आणि किटची मागणीही वाढली. जर्मनी, फिनलंड आदी युरोपीय देशांतील उत्पादकांबरोबर आता भारतातही जॅकेट तयार होतात.

महाराष्ट्राला रायफल नेमबाजीची मोठी परंपरा आहे. अंजली भागवत यांनी २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले. ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरो येथे १० मीटर एअर रायफलचे विश्वविजेते ठरले. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारात एकाच जॅकेटमध्ये तीन वेगवेगळे पवित्रे साधावे लागतात. पुण्यातील म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात राज्यातील प्रमुख शूटिंग रेंजपैकी एक आहे.

हेही पहा

* नेमबाजी
* १० मीटर एअर रायफल
* ५० मीटर रायफल तीन स्थिती
* आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघ
* भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना